सव्वा महिन्याची जट : कुरळ्या केसांच्या कामाच्या नोंदी

७ जून, शनिवार. पाहणी आणि तेल

सिझेरियन झालेल्या एका बाळंतिणीचा सव्वा महिना. डोक्याला दिवसरात्र स्कार्फ, बहुतेक वेळ पाठीवर आडवं, रोज शेक-शेगडी आणि ओवा-बाळंतशेपाची धुरी. सहा आठवडे केसांना कंगवा लागलेला नाही. केस दाट आणि कुरळे, वळणांचा घेर शिसपेन्सिलीएवढा. बट ताणून मोजली तर ४५ सेंमी, सोडली तर खांद्याच्या जरा खाली.

गुंते तीन. दोन्ही कानांच्या मागे एकेक, साधारण ३ सेंमीचे, मऊ. तिसरा डोक्याच्या मागच्या बाजूला, उशीवर टेकतं तिथे: ९ सेंमी रुंद, ७ सेंमी लांब, मध्यभागी ३ सेंमी जाड. खरी जट ही.

काम घेण्याआधी पाहिलेल्या गोष्टी, याच क्रमाने:

जट आणि डोक्याची त्वचा यांच्यामध्ये बोटाचं टोक जातं का? जातं, साधारण दीड सेंमी मोकळं आहे. केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतात, त्यामुळे सहा आठवड्यांच्या जटेखाली एवढी जागा सापडायला हवी. जागा नसेल तर गुंता मुळापर्यंत गेलेला असतो आणि वेळेचा अंदाज दुप्पट धरावा.

त्वचेवर जखम, पू, ओल, आंबूस वास? नाही. यातलं काही असतं तर आधी त्वचारोगतज्ज्ञ, मग कंगवा. उवा-लिखा? नाहीत. असत्या तर आई अंगावर पाजते आहे म्हणून औषधही डॉक्टरांनाच विचारून.

जट सुटण्याजोगी आहे का? खालच्या कडेचा एक कोपरा निवडून त्यात थोडा कंडिशनर मुरवला आणि दहा मिनिटांनी बोटांनी चाचपलं. केस सुटे सुटे जाणवले, एकेक बाजूला सरकला. म्हणजे सुटेल. वर्षानुवर्षांची जट या परीक्षेत घोंगडीसारखी एकजीव लागते. तिच्यात एकटा केस सापडतच नाही. तशी जट सोडवायच्या नादी लागू नये, ती कापणंच बरं.

घरात आधी झालेला प्रयत्न: गरम पाणी, शिकेकाई-रिठ्याची पूड, केस डोक्यावर गोळा करून चोळणं. त्यानंतर जट घट्ट झाली. कारण सरळ आहे. ओला केस फुगतो, त्याच्या पृष्ठभागावरचे खवले उचलले जातात आणि चोळताना ते एकमेकांत अडकतात. लोकर गरम पाण्यात चोळली की आटते, ती याच कारणाने. शिवाय शिकेकाईची पूड गाळून घेतलेली नव्हती. तिची रवाळ कणी आता जटेत बसली आहे आणि प्रत्येक कण दोन केसांना खिळून धरतो. गुंता असलेलं डोकं आधी धुऊन घेऊ नये, हा नियम या कामात सगळ्यात जास्त मोडला जातो.

घरातल्या आजींचं म्हणणं पडलं, "जट आलीये, ही देवीची असते, हिला कात्री लावायची नाही." कात्री लावायची नाहीच असं ठरलं होतं, त्यामुळे वाद झाला नाही. पण त्यांना नीट समजावून सांगितलं, ते इथेही लिहून ठेवतो. आपलं प्रत्येकाचं दिवसाला ५० ते १०० केस गळणं साहजिक आहे. रोज विंचरलं की ते कंगव्यात येतात. विंचरलंच नाही तर कुरळ्या केसांत खाली पडायला वाट नसते, ते तिथेच राहतात आणि न गळलेल्या केसांना वेढे घालतात. ४२ दिवसांचे झाले २१०० ते ४२००. त्यात तेल, घाम, धुरीचा थर. जट ती एवढीच. यल्लम्मा देवीचं बोलावणं समजून मुलींच्या डोक्यावर जटा वर्षानुवर्षं वाढू दिल्या गेल्या, त्यांना हळदीकुंकू वाहिलं गेलं, कंगवा आणि पाणी तोडलं गेलं, आणि त्यातून मुली देवाला सोडल्या गेल्या. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात आणि पश्चिम महाराष्ट्रात हे घडलेलं आहे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते घरोघरी जाऊन, समजूत घालून जटा काढतात. पहिल्या सहा आठवड्यांत कोणी कंगवा हातात घेतला असता तर यातल्या कितीतरी जटा जट झाल्याच नसत्या.

खरेदी: कंडिशनर, मोठ्या बाटल्या मिळून ७०० मिली, ६५० रु. खोबरेल तेल २०० मिली, १३० रु. सिलिकॉनचं सीरम १०० मिली, २५० रु. मोठ्या दातांचा कंगवा १५० रु. शेपटीचा कंगवा ६० रु. चिमटे डझनभर १०० रु. फवाऱ्याची बाटली ८० रु. प्लास्टिकची टोपी ३० रु. एकूण १४५० रु. घरातून: जुने सुती टी-शर्ट, जुनी चादर, विणकामाची ४ मिमीची प्लास्टिकची सुई, मेंदीचे रिकामे कोन.

कंडिशनर महागडा नको. बाटलीमागची यादी वाचायची: बेहेनट्रायमोनियम क्लोराइड किंवा सेट्रिमोनियम क्लोराइड, सेटीअरिल अल्कोहोल आणि डायमेथिकोन यांची नावं वर असली की झालं. या कामात पोषण वगैरे शब्दांना अर्थ नाही, बुळबुळीतपणा हवा. कंगव्याच्या दातांवरून नख फिरवून पाहायचं. साच्याची शिवण नखाला लागली तर ती केसांनाही लागणार, तो कंगवा परत.

संध्याकाळी कोरड्या जटेत ४० मिली खोबरेल, बोटांच्या टोकांनी दाबून, न चोळता. खोबरेल केसाच्या आत शिरतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी ओला केल्यावर केस कमी फुगतो. बदाम-सूर्यफुलाच्या तेलात हा गुण एवढा नाही. एरंडेल तर अजिबात नको, ते चिकट असतं, गुंत्याला गोंद लावल्यागत होतं. वर टोपी, रात्रभर तसंच.

८ जून, रविवार. कानामागचे दोन गुंते

वेळ साधारण दोन तास, मध्ये बाळाला पाजायची सुट्टी. जमिनीवर जुनी चादर आधी अंथरली. कंडिशनर सांडलेल्या फरशीवरून बाळ घेऊन चालणं जिवावर बेतू शकतं.

बाळंतिणीला पाठ टेकलेली खुर्ची, हातांखाली उशा. टाके ओढले जातील असं वाकून बसवायचं नाही. न्हाणीघरात खाली मान घालून तासभर बसवणं तर नाहीच. घरच्यांची काळजी होती की ओल्या डोक्याने सर्दी होईल आणि बाळाला बाधेल. त्यांच्यासाठी आणि आमच्या सोयीसाठीही: कोमट पाणी, एका वेळी एकच भाग ओला, बाकीचं डोकं टोपीखाली कोरडं.

पहिलं मिश्रण फसलं. कंडिशनर आणि पाणी समान घेतलं की फवाऱ्याचं तोंड बुजतं. एक भाग कंडिशनर, चार भाग कोमट पाणी हे प्रमाण चाललं. पण ते वरवरचंच. जटेची वरची बाजू निसरडी होते आणि गाभा कोरडाच राहतो. मग कंगवा वरून घसरतो, आत गेला की अडकतो, आणि नेमके तिथेच केस तुटतात.

उपाय मेंदीच्या कोनाने झाला. कोनात न पातळ केलेला कंडिशनर भरायचा, टोक ३ मिमी कापायचं, ते गुंत्यात खालच्या कडेने सेंटिमीटरभर आत घालून दाबायचं. वरच्या बाजूने पांढरा थेंब डोकावला की समजायचं, गाभ्यापर्यंत पोचला. पुढच्या सेंटिमीटरला परत. दहा मिनिटं थांबून मग हात लावायचा.

दोन्ही छोटे गुंते बोटांनीच सुटले, कंगवा शेवटी फिरवला. सुटलेल्या केसांच्या लगेच सैल वेण्या घालून चिमट्यांनी बाजूला बांधल्या. मोकळे ठेवले तर शेजारच्या जटेत ओढले जातात आणि झालेलं काम परत करावं लागतं.

१० जून, मंगळवार. मोठी जट, खालचा अर्धा भाग

तीन तास, दोन माणसं. एकीने मुळाकडची बाजू धरायची, दुसरीने काम करायचं. धरण्याची पद्धत महत्त्वाची: ज्या बटेवर काम चालू आहे ती जटेच्या वर, डोक्याच्या बाजूला, अंगठा आणि तर्जनीत घट्ट. ओढ बोटांवर थांबते, त्वचेपर्यंत पोचत नाही. माणूस एकटं असेल तर डाव्या हाताने हेच करावं, वेळ जास्त जाईल. काम चालू असताना बाळंतीण बाळाशी बोलत राहिली, हा पकड बरोबर असल्याचा पुरावा.

आधी जटेचे उभे भाग पाडले. केसांच्या लांबीला समांतर, खालून वर, दोन्ही हातांच्या बोटांनी हळूहळू फाकवत. कोन लावून थांबायचं, दोन्ही अंगठे आत घालायचे, बाजूला दाब द्यायचा. पुढे सरकत नसेल तर जोर वाढवायचा नाही, कंडिशनर वाढवायचा. ९ सेंमीच्या जटेचे चार भाग झाले, मधले दोन वरपर्यंत गेले नाहीत.

मग एकेक भाग. अगदी खालच्या टोकापासून सुरुवात. विणकामाची सुई कडेपासून अर्धा सेंटिमीटर आत घालायची आणि खाली न ओढता आडवी बाहेर आणायची. सुईवर एक वेढा येतो. तो बोटाने पकडून बाजूला उकलायचा. असे पाच-सहा वेढे निघाले की खालचा सेंटिमीटरभर भाग मोकळा होतो, त्यात मोठ्या दातांचा कंगवा एकदा. मग त्याच्या वरचा सेंटिमीटर. क्रोशाची सुई वापरू नये, तिचा आकडा चांगला केस पकडून तोडतो. शेपटीच्या कंगव्याची लोखंडी शेपटी या कामाला टोकदार निघाली, ती फक्त भाग पाडायला ठेवली.

मऊ दातांचा गुंता काढायचा ब्रश करून पाहिला आणि बाजूला ठेवला. त्याचे दात वाकतात, जटेवरून सरकून जातात, वरचा पापुद्रा गुळगुळीत होतो. काम झाल्यासारखं दिसतं, आत सगळं तसंच. सुटलेल्या केसांवर मात्र तो उत्तम.

कान उघडे ठेवून काम करावं. केस सरकतो तेव्हा आवाज होत नाही. तुटतो तेव्हा बारीक तटतट ऐकू येते. ती आली की हात जागच्या जागी थांबवायचा आणि कंगवा आला त्याच वाटेने मागे काढायचा.

निघालेले केस लाल कापडावर पसरून पाहिले. प्रत्येक केसाचं एक टोक चिमटीतून ओढायचं. गळलेल्या केसाच्या टोकाला पांढरी बारीक गाठ असते, मुळाची, आणि ती बोटाला कणीसारखी लागते. गाठ नसलेला आखूड तुकडा म्हणजे तुटलेला. चिमूटभर घेतलेल्या केसांत बहुतेक सगळ्यांना गाठ होती. कंगव्यात मूठभर केस बघून घरचे घाबरतात, तेव्हा हेच दाखवावं. हे केस कधीच गळून गेलेले होते, आज फक्त बाहेर आले.

हे सगळे केस लगेच पिशवीत, पिशवीचं तोंड बांधून घराबाहेर. तान्हं बाळ असलेल्या घरात यात आळस नको. सुटा केस बाळाच्या पायाच्या किंवा हाताच्या बोटाला गुंडाळला गेला तर रक्तपुरवठा तुटू शकतो. लंगोट, मोजे आणि दुपटं उलटं करून झटकायचं, रोज बाळाची वीसही बोटं पाहायची. बाळ कारण नसताना रडत राहिलं तर पहिली नजर तिकडेच. बोट सुजलेलं, लाल दिसलं तर डॉक्टर, लगेच.

काम थांबवताना उरलेल्या जटेचं काय करायचं? कंडिशनर लावून तशीच सोडली तर वाळताना आटते आणि वर कडक थर बसतो. रात्रभर ओली ठेवली तर वास धरते, त्वचेला खाज सुटते, जूनच्या दमटीत तर नक्कीच. म्हणून टी-शर्टने दाबून ओल टिपायची, ड्रायर गार हवेवर लांबून फिरवायचा आणि कोरड्या जटेत १० मिली खोबरेल. उशीवर जुन्या रेशमी साडीचा तुकडा.

१२ जून, गुरुवार. वरचा अर्धा भाग

पुन्हा तीन तास. मधल्या दोन भागांच्या संगमावर एक टणक गाठ, सव्वा सेंटिमीटरची. कोनाचं टोक आत जाईना, सुई जाईना. बाहेरचे वेढे उकलत गेल्यावर आत काळं रबर निघालं, केसांचं छोटं, बहुधा दवाखान्यात जाताना बांधलेलं. सगळी जट त्याच्याभोवती वाढली होती.

रबरावर सीरमचे चार थेंब, पाच मिनिटं, मग रबर सुईने केसांपासून उचलून नेलकटरने कापलं. तेल-सीरमाने रबर सैल होतं, केसांवरून सरकतं. ओढून काढलं असतं तर बटच आली असती. ज्यांचं अंथरुणावरचं दुखणं लांबणार आहे त्यांच्या केसांना रबर, क्लिप, पिन काहीही ठेवू नये. वेणीच्या टोकाला मऊ कापडाची पट्टी पुरते.

रबर निघाल्यावर गाठीचा बराचसा भाग अर्ध्या तासात सुटला. उरला हरभऱ्याएवढा गाभा, शिकेकाईच्या कणीने भरलेला. इथे कोमट पाण्याची बारीक धार उपयोगी पडली. कंडिशनर कण धुऊन काढत नाही, पाणी काढतं. वाटीत गाभा बुडवून बोटांनी दाबत-सोडत राहिलं की कणी खाली बसते. पाणी तीनदा बदललं.

तरी शेवटचे काही वेढे सुटेनात. अशा वेळी कात्री चालते, पण आडवी कधीच नाही. कात्रीचं टोक केसांच्या टोकांकडे, पाती केसांना समांतर, गाभ्याच्या मधोमध एक छोटा उभा काप. गाभा दोन तुकड्यांत फाकला आणि बोटांनी निघाला. तुटलेले केस इतके थोडे की बाकीच्या दाटीत दिसत नाहीत. हाच गाभा आडवा कापला असता तर त्या जागी बोटभर रुंदीची आखूड बट उभी राहिली असती.

मुळाजवळची दीड सेंटिमीटरची जागा शेवटी. तिथे कंगवा नाही, फक्त बोटं. त्वचा थोडी लाल, दाबल्यावर दुखत नाही. गार पाण्याची पट्टी आणि विश्रांती.

१३ जून, शुक्रवार. फेरतपासणी

तासभर. जट सुटली असं वाटल्यावर एक रात्र मध्ये ठेवून पुन्हा प्रत्येक भागातून बोटं फिरवावीत. वाळल्यावर चार ठिकाणी बारीक गाठी हाताला लागल्या. ओल्या आणि बुळबुळीत केसांत त्या कळत नाहीत. या राहिल्या असत्या तर पहिल्याच न्हाण्यात पुन्हा गुंता धरला असता. फवारा, बोटं, कंगवा, आठ सैल वेण्या.

१५ जून, रविवार. न्हाणं

वेण्या न सोडता. सौम्य शांपू मगात पाच पट पाण्यात पातळ केलेला, वेण्यांच्या मधल्या भांगांमधून फक्त त्वचेवर, बोटांच्या पोटांनी पुढे-मागे, गोल नाही. पाणी उभ्या डोक्यावरून, मुळाकडून टोकाकडे. तेल भरपूर असल्याने शांपूचा दुसरा हात लागला. शिकेकाई हवीच असेल तर काढा करून दुपदरी कापडातून गाळलेली.

मग एकेक वेणी सोडून कंडिशनर, मोठा कंगवा, परत सैल पीळ. कुरळे केस कोरडे विंचरू नयेत, कंडिशनर लावलेल्या ओल्या केसांतच कंगवा घालावा. टॉवेलने चोळणं बंद, टी-शर्टमध्ये गुंडाळून दाबणं. वाळल्यावर दुभंगलेली टोकं दीड सेंटिमीटर कापली.

आजींनी स्वतः केस हातात घेऊन पाहिले आणि "आता रोज मीच वेणी घालते" म्हणाल्या. रोज नको, चार दिवसांनी घाला, तेवढं पुरे, असं सांगितलं. त्यांचा हात हलका आहे.

बाहेर निघालेल्या केसांचं, तेल धुऊन वाळवल्यावर, वजन केलं: सुमारे ७ ग्रॅम. ४५ सेंमीचा मध्यम जाडीचा केस अडीच मिलिग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे तीन हजारांच्या जवळपास केस. सहा आठवड्यांच्या साहजिक गळतीच्या हिशेबात हे बसतं. जास्तीचं काही गेलेलं नाही.

एकूण वेळ साधारण साडेअकरा तास. खर्च १४५० रु., त्यातलं अर्धं सीरम आणि बरंचसं तेल उरलं, कंडिशनर मात्र तळाला गेला. शिकेकाई-गरम पाण्याचा तो प्रयत्न झाला नसता तर आमच्या अंदाजाने तीन तास वाचले असते.

२२ जून, रविवार. आठवड्यानंतर

मागच्या बाजूला बोटभर उंचीचे तुटके केस तुरळक. कुठे टक्कल नाही, त्वचेचा लाल रंग गेला. रात्री दोन सैल वेण्या आणि रेशमी कापड चालू आहे. स्कार्फ बांधायचाच असेल तर सुती खरखरीत नको, आत रेशमी पदर घालून.

घरच्यांना आणि हे वाचून काम करणाऱ्यांना आधीच सांगून ठेवायची गोष्ट: बाळंतपणानंतर साधारण तिसऱ्या महिन्यापासून केस झपाट्याने गळू लागतात. गरोदरपणात न गळलेले केस तेव्हा एकदम जातात आणि पुढच्या काही महिन्यांत ते थांबतं. त्याचा जट सोडवण्याशी संबंध नाही, पण वेळ जुळते म्हणून दोष तिथेच जातो. त्या काळात चार दिवसांऐवजी दर दोन दिवसांनी कंडिशनर लावून बोटांनी केस मोकळे करावेत, कारण गळती वाढली की जटेला लागणारा मालही वाढतो. निघालेले केस पिशवीत बांधून बाहेर टाकणं आणि बाळाची बोटं तपासणं तेव्हाही रोज.